सिंकथिंग सर्व्हिस म्हणून चालवताना

सिंकथिंग हा आपल्या वेगवेगळ्या मशीनवरचे फोल्डर एकमेकांशी जुळते ठेवणारा प्रोग्रॅम. टर्मिनल उघडून तो सुरू करणं सोपं आहे. ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडतं, दुसऱ्या मशीनचा डिव्हाइस आयडी टाकला, फोल्डर शेअर केला की फाइली यायला लागतात. पण टर्मिनल बंद केलं की सिंकही थांबतं. वीज जाऊन मशीन परत सुरू झालं, तर कोणीतरी लॉगिन करून कमांड देईपर्यंत दोन्हीकडच्या फाइली आपापल्या वाटेने बदलत राहतात. मग एकच फाइल दोन्हीकडे बदललेली सापडते, आणि नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’, तारीख आणि वेळ असलेल्या जादा प्रती साचू लागतात. हे टाळायचं असेल तर सिंकथिंग सतत चालू हवं, आणि लिनक्सवर त्याचा सरळ मार्ग म्हणजे ते सिस्टमडीच्या, म्हणजे पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्रॅम (सर्व्हिसेस) सुरू-बंद करणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेच्या, ताब्यात देणं.

आमची मांडणी साधी होती: स्क्रीन नसलेलं एक छोटं मशीन, त्याला यूएसबीवर लावलेली मोठी डिस्क, आणि पलीकडे रोजच्या कामाचे दोन लॅपटॉप. सर्व्हिस लावायचं काम वरकरणी दोन कमांडचं आहे. पण त्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: ही सर्व्हिस कोणाच्या नावाने चालणार, आणि नेमकी कधी सुरू होणार. पुढे जे जे अडलं, त्यातलं बहुतेक सगळं या दोनपैकी एकाचं उत्तर गृहीत धरल्यामुळे अडलं.

पॅकेजमधून सिंकथिंग बसवलं की सोबत दोन युनिट फाइली, म्हणजे सर्व्हिस कशी चालवायची ते सिस्टमडीला सांगणाऱ्या फाइली, येतात. एक सिस्टमची. तिच्या नावात सिंकथिंगनंतर @ हे चिन्ह असतं आणि त्यापुढे युजरचं नाव लिहायचं. म्हणजे युजर ‘साठा’ असेल तर सर्व्हिसचं नाव सिंकथिंग@साठा. ही मशीन बूट होतानाच सुरू होते, कोणी लॉगिन करायची गरज नाही. दुसरी युनिट युजरची. तिच्या नावात @ नसतं, ती सिस्टमसीटीएलला (सिस्टमडीला हुकूम देणारी कमांड) ‘--युजर’ जोडून चालवायची आणि सुडो (रूट, म्हणजे मुख्य व्यवस्थापकाच्या अधिकाराने कमांड चालवणं) लावायचा नाही. ती त्या युजरने लॉगिन केल्यावर उठते आणि त्याचं शेवटचं सेशन संपलं की बंद होते. स्क्रीन नसलेल्या मशीनवर एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनचं टर्मिनल उघडून) आत शिरून युजर सर्व्हिस चालू करणाऱ्याला इथेच चकवा बसतो: आत असेपर्यंत सगळं हिरवं दिसतं, बाहेर पडलं की सिंक बंद. ‘लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर’ ही कमांड युजरच्या नावासह दिली की ही अडचण सुटते, कारण मग त्या युजरच्या सर्व्हिसेस बूटपासून चालतात आणि लॉगआउटनंतरही टिकतात. तरी आमचं मत असं, की सतत चालणाऱ्या मशीनवर सिस्टमची युनिट वापरावी आणि लॅपटॉपवर युजरची. लॅपटॉपवर माणूस लॉगिन करणारच असतो, आणि होम फोल्डर एन्क्रिप्ट केलेला असेल तर तिथे दुसरा पर्याय नाहीच. त्याचं कारण पुढे येईल.

‘एनेबल’ आणि ‘स्टार्ट’ यातला फरक पहिल्या दिवशीच पक्का करून घ्यावा. स्टार्ट म्हणजे आत्ता सुरू कर. एनेबल म्हणजे पुढच्या प्रत्येक बूटला सुरू कर. नुसतं स्टार्ट केलं तर पहिल्या रीबूटनंतर सर्व्हिस गायब असते, नुसतं एनेबल केलं तर आत्ता काहीच होत नाही. ‘एनेबल --नाऊ’ दिलं की दोन्ही कामं एकदम होतात.

त्याआधी, टर्मिनलमध्ये किंवा डेस्कटॉपच्या स्टार्टअप यादीत चालू असलेली जुनी प्रत बंद करायला हवी. एकाच युजरच्या दोन प्रती एकाच डेटाबेसवर चालू शकत नाहीत. दुसरी प्रत उठताना डेटाबेसला कुलूप लागलेलं पाहते आणि दुसरी सिंकथिंग आधीच चालू आहे का, अशी तक्रार लॉगमध्ये लिहून बाहेर पडते. तिथून मग सिस्टमडी तिला पुन्हा उठवतो, ती पुन्हा पडते. पॅकेजच्या युनिटमध्ये मर्यादा घातलेली असते, ६० सेकंदांत ४ वेळा. ती ओलांडली की ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ असा निरोप येतो. बरेच जण तोच निरोप शोधत बसतात, पण तो परिणाम आहे. कारण त्याच्या चार-सहा ओळी वर असतं. ते दुरुस्त करून मिनिटभर थांबावं, किंवा ‘रीसेट-फेल्ड’ देऊन लगेच स्टार्ट करावं.

लॉग जर्नलसीटीएलने बघायचा: ‘-यू’ पुढे सर्व्हिसचं पूर्ण नाव, ‘-बी’ लावलं तर फक्त या बूटचा, ‘-एफ’ लावलं तर येईल तसा. युजर सर्व्हिसचा लॉग हवा असेल तर ‘--युजर-युनिट’. स्टेटसमध्ये दिसणारे दोन आकडे ओळखीचे करून घेण्यासारखे आहेत. २१७/युजर म्हणजे @ नंतर लिहिलेल्या नावाचा युजर या मशीनवर नाही. बहुतेक वेळा स्पेलिंगची चूक. २०३/एक्झेक म्हणजे प्रोग्रॅमची फाइलच चालवता आली नाही. संकेतस्थळावरून उतरवलेली फाइल होम फोल्डरमध्ये ठेवून युनिटला तो पत्ता दिला, तर एसईलिनक्स (फाइलींवरच्या लेबलांनुसार परवानगी देणारी सुरक्षा) चालू असलेल्या वितरणांवर हे हमखास होतं. टर्मिनलमधून तीच फाइल निमूट चालते, म्हणून संशय तिकडे जात नाही. होम फोल्डरमधल्या फाइलवरचं लेबल वेगळं असतं आणि सिस्टमच्या सर्व्हिसला ते चालवायची परवानगी नसते. फाइल ‘/यूएसआर/लोकल/बिन’ मध्ये हलवून तिथे जागेनुसार लेबल बसवणारं ‘रिस्टोरकॉन’ चालवलं की झालं.

युनिट फाइल एकदा उघडून वाचावी, ती जेमतेम २०-२५ ओळींची असते. चालवायच्या कमांडपुढे ‘--नो-ब्राउझर’ असतं, कारण सर्व्हिसला ब्राउझर उघडायचा नाही. ‘--नो-रीस्टार्ट’ असतं, कारण पडल्यावर उठवायचं काम आता सिस्टमडीचं, सिंकथिंगने ते स्वतः करायचं नाही. त्याखाली ३ आणि ४ हे दोन एक्झिट कोड यशस्वी धरलेले दिसतील आणि त्यांच्यावर रीस्टार्टही सक्तीचा केलेला असेल. ३ म्हणजे वेबपानावरून कोणी रीस्टार्ट दाबलं, ४ म्हणजे सिंकथिंगने स्वतःची नवी आवृत्ती घेतली. स्वतःच्या हाताने युनिट लिहिणारे हे दोन आकडे विसरतात, आणि मग वेबपानावर रीस्टार्ट दाबलं की सर्व्हिस बंद पडून तशीच राहते.

त्याच फाइलमध्ये ‘प्रोटेक्टसिस्टम=फुल’ अशी ओळ आहे. तिच्यामुळे /यूएसआर, /बूट आणि /एटसी हे भाग या सर्व्हिसपुरते फक्त वाचण्याजोगे होतात. /एटसीमधल्या फाइली दुसऱ्या मशीनवरून इथे आणायचा प्रयत्न केला तर ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टम’ अशी चूक येते. सुडो किंवा परवानग्या बदलून ती जात नाही, कारण अडवणारी गोष्ट वेगळी आहे. आम्ही ती ओळ काढली नाही. बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमला सिस्टमच्या फाइलींपासून लांब ठेवणंच बरं.

काही बदलायचं असेल तर पॅकेजची मूळ फाइल हाताळू नये, पुढच्या अपडेटला ती पुसली जाते. ‘सिस्टमसीटीएल एडिट’ आणि सर्व्हिसचं नाव दिलं की रिकामी ओव्हरराइड फाइल उघडते, तिच्यात फक्त बदललेल्या ओळी लिहायच्या. सेव्ह केल्यावर सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते, नाहीतर जुन्याच ओळी लागू राहतात.

आता बाहेरच्या डिस्कबद्दल, कारण या सगळ्या कामात खरा धोका तिथेच आहे.

बूट होताना सर्व्हिस आणि डिस्क यांची शर्यत लागते. सर्व्हिस आधी उठली तर तिला माउंट पॉइंट (डिस्क जिथे जोडली, म्हणजे माउंट केली जाते तो फोल्डर) दिसतो, पण आत काही नसतं. सिंकथिंगच्या दृष्टीने हजारो फाइली असलेला फोल्डर एकाएकी रिकामा झाला. तो खरंच रिकामा झाला असं त्याने मानलं, तर ‘या सगळ्या फाइली काढल्या’ असा निरोप दोन्ही लॅपटॉपना जाईल. हे होऊ नये म्हणून प्रत्येक शेअर केलेल्या फोल्डरच्या मुळाशी सिंकथिंग ‘.एसटीफोल्डर’ नावाची खूण ठेवतं. ती दिसली नाही की त्या फोल्डरचं काम थांबतं आणि वेबपानावर ‘फोल्डर मार्कर मिसिंग’ असं लाल अक्षरांत येतं. घाईत असलेला माणूस निरोप वाचतो, ‘खूण नाही ना, मग बनवू’ म्हणत त्या रिकाम्या जागी .एसटीफोल्डर तयार करतो, आणि लाल अक्षरं जातात. पुढच्या स्कॅनमध्ये सगळ्या फाइली काढल्याची नोंद होते आणि ती पलीकडे पोचते. हा निरोप आला की कीबोर्डवरून हात काढावा आणि आधी डिस्क माउंट झाली आहे का ते पाहावं. ‘फाइंडएमएनटी’ या कमांडपुढे फोल्डरचा पत्ता दिला की एका ओळीत कळतं.

शर्यत मुळातूनच मोडायला ओव्हरराइड फाइलच्या ‘युनिट’ विभागात ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर=’ ही ओळ टाकायची आणि पुढे डिस्कच्या माउंट पॉइंटचा पत्ता लिहायचा. मग सिस्टमडी आधी डिस्क माउंट करतो, त्यानंतरच सिंकथिंगला उठवतो, आणि डिस्क मिळाली नाही तर सर्व्हिस सुरूच करत नाही. मात्र हे चालायला डिस्कची नोंद एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूटला माउंट करायच्या डिस्कांच्या यादीत, हवी. डेस्कटॉपच्या फाइल मॅनेजरने लॉगिननंतर आपोआप माउंट केलेली डिस्क बूटच्या वेळी सिस्टमडीला ठाऊकच नसते, तेव्हा ती ओळ कोणाचीच वाट पाहत नाही आणि लिहिणाऱ्याला मात्र आपण सुरक्षित आहोत असं वाटत राहतं.

एफएसटॅबमध्ये डिस्क यूयूआयडीने, म्हणजे तिच्या न बदलणाऱ्या ओळख-क्रमांकाने, लिहावी. यूएसबीवरच्या डिस्कचं एसडीए, एसडीबी हे नाव पुढच्या बूटला तेच राहील याची खात्री नसते. सोबत ‘नोफेल’ हा पर्याय हवाच. तो नसेल आणि डिस्क लावलेली नसेल, तर सिस्टमडी ९० सेकंद वाट पाहून मशीन इमर्जन्सी मोडमध्ये टाकतो. तिथे नेटवर्क नसतं, एसएसएच नसतं, आणि स्क्रीन नसलेल्या मशीनला मग मॉनिटर आणि कीबोर्ड लावून बसावं लागतं. नोफेलमुळे बूट पुढे सरकतं, आणि रिक्वायर्समाउंट्सफॉर असल्यामुळे सिंकथिंग तरीही डिस्कसाठीच थांबतं. दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत.

आणखी एक लहानसा बंदोबस्त: डिस्क काढलेली असताना रिकाम्या माउंट पॉइंटची मालकी रूटकडेच ठेवावी. मग डिस्क नसताना ‘साठा’ युजरच्या सर्व्हिसला तिथे काही लिहिताच येत नाही. डिस्क माउंट झाल्यावर आतल्या मुळाशी तिची स्वतःची मालकी दिसते, ती ‘साठा’च्या नावावर करायची.

एन्क्रिप्ट केलेल्या होम फोल्डरची गोष्ट याचीच बहीण आहे. काही मांडणींमध्ये होम फोल्डर लॉगिन करतानाच उलगडतो. सिस्टमची युनिट त्याआधी उठली, तर तिला स्वतःची सेटिंग्ज सापडत नाहीत. लिहिता येत असेल तर सिंकथिंग पहिल्यांदाच चालत असल्यासारखं वागतं: नव्या किल्ल्या, नवी सेटिंग्ज, आणि म्हणून नवा डिव्हाइस आयडी. आयडी म्हणजे प्रमाणपत्राच्या एसएचए-२५६ हॅशवरून बनलेली, ७-७ अक्षरांच्या ८ गटांत लिहिलेली ओळ. प्रमाणपत्र बदललं की ती अख्खी बदलते. पलीकडच्या मशीनवर जुना आयडी ‘डिस्कनेक्टेड’ दिसतो आणि एक अनोळखी मशीन जोडणी मागू लागतं. ती मान्य करू नये. सर्व्हिस बंद करून लॉगिननंतर उठणारी युजर युनिट लावावी, म्हणजे जुना आयडी परत दिसतो. ‘सुडो सिंकथिंग’ असं चुकून टर्मिनलमध्ये टाइप केलं तरी हेच होतं, फक्त तिथे नवी सेटिंग्ज रूटच्या होम फोल्डरमध्ये बनतात आणि आलेल्या फाइलींची मालकी रूटकडे जाते.

सेटिंग्ज कुठे आहेत हे म्हणूनच माहीत हवं. पूर्वी ती होम फोल्डरमधल्या .कॉन्फिग/सिंकथिंग मध्ये असत, १.२७ आवृत्तीपासून नव्याने बसवलं तर .लोकल/स्टेट/सिंकथिंग मध्ये जातात, आणि जुनी जागा आधीपासून असेल तर तीच चालू राहते. त्यातल्या कॉन्फिग.एक्सएमएल, सर्ट.पेम आणि की.पेम या तीन फाइलींची प्रत वेगळीकडे ठेवावी. मशीन बदललं तरी आयडी तोच ठेवता येतो. पण याच किल्ल्या एकाच वेळी दोन मशीनवर वापरू नयेत, बाकीच्यांना ती दोन्ही एकच वाटतात आणि जोडणी सारखी तुटत राहते.

पोर्टचं काम थोडक्यात. फायरवॉलमध्ये २२००० हा टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी उघडायचा, आणि आतल्या नेटवर्कवर मशीन एकमेकांना सापडावीत म्हणून २१०२७ यूडीपी. हे उघडले नाहीत तरी बऱ्याचदा रिलेमार्गे, म्हणजे मधल्या सर्व्हरवरून, सिंक चालतं, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. फक्त वेग फार कमी असतो. वेबपानावर जोडणीच्या पुढे ‘रिले’ दिसलं की पोर्ट तपासावेत. वेबपान स्वतः ८३८४ वर आणि फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे त्याच मशीनपुरतं, ऐकतं. स्क्रीन नसलेल्या मशीनवर ते बघायला पत्ता ०.०.०.० (म्हणजे सगळ्या नेटवर्कला उघडा) करायचा सल्ला जागोजाग मिळतो. तसं करू नये. एसएसएचला ‘-एल ९०९०:१२७.०.०.१:८३८४’ जोडून आत शिरायचं आणि आपल्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये ९०९० पोर्ट उघडायचा. पासवर्ड तरीही ठेवावा, कारण त्या मशीनवरचा दुसरा कोणताही युजर ८३८४ पर्यंत पोचू शकतो.

परवानग्यांबाबत आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. सर्व्हिसने आणलेली प्रत्येक फाइल ‘साठा’च्या मालकीची होते. त्याच मशीनवरचा दुसरा युजर ती वाचू शकतो, पण बदलू शकत नाही, कारण नेहमीचा यूमास्क (नव्या फाइलीतून कोणत्या परवानग्या वगळायच्या ते सांगणारा आकडा) ००२२ असतो. दोघांना एका ग्रुपमध्ये घालून, फोल्डरवर सेटजीआयडी (आतल्या नव्या फाइलींना फोल्डरचाच ग्रुप देणारी खूण) लावून, ओव्हरराइडच्या ‘सर्व्हिस’ विभागात ‘यूमास्क=०००२’ लिहिलं की नव्या फाइली ग्रुपला लिहिता येण्याजोग्या बनतात. त्याबरोबर त्या फोल्डरच्या सेटिंग्जमध्ये ‘इग्नोर परमिशन्स’ चालू करावं, नाहीतर पाठवणाऱ्या मशीनवरच्या परवानग्या इथे लागू होतात आणि यूमास्कचा उपयोग राहत नाही. मूळ मालकच जपायचा असेल तर सर्व्हिसला कॅप_चोन आणि कॅप_एफओनर हे जादा अधिकार द्यावे लागतात. त्याची ओळ युनिटमध्ये शेरा म्हणून आधीच लिहिलेली असते. घरच्या वापराला त्याची गरज पडत नाही.

बदल लगेच पोचत नसतील तर आयनोटिफायची, म्हणजे फाइली बदलल्याची खबर देणाऱ्या लिनक्सच्या सोयीची, मर्यादा पाहावी. सिंकथिंग प्रत्येक उपफोल्डरवर एक पहारेकरी बसवतं, फाइलवर नाही. जुन्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) एका युजरला ८१९२ पहारेकरी मिळत, आणि लहानलहान उपफोल्डर भरपूर असले की ते संपतात. ५.११ पासून ही मर्यादा मेमरीनुसार ठरते, त्यामुळे कमी मेमरीच्या छोट्या मशीनवर ती अजूनही अपुरी पडू शकते. सिसकंट्रोलच्या, म्हणजे कर्नलच्या सेटिंग्जच्या, फाइलमध्ये ‘एफएस.आयनोटिफाय.मॅक्स_युजर_वॉचेस=२०४८००’ लिहून ‘सिसकंट्रोल --सिस्टम’ चालवलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली, की पुरतं. पहारेकरी नसले तरी सिंक बंद पडत नाही, तासाच्या पूर्ण स्कॅनची वाट पाहतं. म्हणून ‘कधी दहा सेकंदांत येतं, कधी तासाने’ अशी तक्रार असेल तर पहिला संशय इथे घ्यावा.

अपडेटबद्दल दोन गोष्टी. पॅकेज अपडेट झालं तरी चालू असलेली जुनी प्रत चालूच राहू शकते, म्हणून वेबपानावरची आवृत्ती बघून गरज पडली तर रीस्टार्ट करावं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीने जुना डेटाबेस सोडून एसक्यूलाइट घेतला. पहिल्यांदा उठताना ती जुनी नोंदवही नव्यात उतरवते. मोठा साठा आणि मंद मशीन असेल तर याला बराच वेळ लागतो. सिस्टमडीत सर्व्हिस ‘ॲक्टिव्ह’ दिसते, कारण प्रोग्रॅम सुरू झाला एवढंच त्याला कळतं. अडकली समजून मध्येच मारू नये, लॉग बघत थांबावं. याच आवृत्तीपासून काढलेल्या फाइलींच्या नोंदी कायम ठेवल्या जात नाहीत, १५ महिन्यांनी विसरल्या जातात. तेव्हा दोन वर्षं कपाटात पडलेला लॅपटॉप जोडताना आधी त्याचा फोल्डर रिकामा करून मगच जोडावा, नाहीतर काढलेल्या फाइली परत येऊ शकतात.

चालू झालं की तपासणी. मशीन रीबूट करायचं आणि लॉगिन न करता लॅपटॉपवरून बघायचं की ते जोडलं गेलं का. सर्व्हिस नुसती उठली आहे की उत्तरही देते आहे, हे त्या मशीनवरच कर्ल या कमांडने ८३८४ पोर्टवरचा /रेस्ट/नोऑथ/हेल्थ हा पत्ता मागून कळतं. ‘ओके’ असं उत्तर येतं आणि त्यासाठी किल्ली लागत नाही. मग मशीन बंद करून डिस्कची केबल काढायची आणि परत चालू करायचं. बूटनंतर दीडेक मिनिटाने सर्व्हिसच्या स्टेटसमध्ये ‘डिपेंडन्सी’मुळे सुरू झाली नाही असं दिसायला हवं, आणि लॅपटॉपवर एकही फाइल हललेली नसावी. केबल लावून ‘माउंट -ए’ द्यायचं, आणि सर्व्हिस हाताने स्टार्ट करायची, कारण एकदा डिस्कअभावी नाकारलेली सर्व्हिस डिस्क आल्यावर आपणहून उठत नाही.